‘वाट पाहतो’

नेरला मी आता लग्न किंवा मयत असेल तरच जाते. यंदा थंडीत भाचीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. दुपारी सगळी मंडळी जेवून लवंडली, तेव्हा चपला घालून एकटीच पाटलांच्या आळीकडे निघाले. पाटलांचा गुरांचा कोठा होता तिथे आता बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान झालं आहे. काउंटरवरच्या मुलानं मोबाईलमधून मान वर करून विचारलं, "काय पाह्यजे आजी?"

"काही नाही बाबा. सावलीले उभी राह्यली."

दुकानातून औषधांचा उग्र वास येत होता. पण त्याच्या खाली मला भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा वास आला. गोडसर, आंबूस, थोडा तेलकट. साठ वर्षांपूर्वी रोज सकाळी दुधाची लोटी घेऊन मी याच जागी उभी राहायची, तेव्हा आधी तो वास यायचा, मग म्हशीच्या अंगाचा, मग धारेचा आवाज, आणि त्या आवाजाच्या पलीकडून कमल यायची.

कमल पाटलांची धाकटी. आम्ही पाचवीत एका तरटपट्टीवर शेजारी बसलो ते छप्पन साल होतं. आमचा जिल्हा त्या वर्षी एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला गेला. आम्हाला त्याचं एवढंच कळलं, की वर्गातला नकाशा भिंतीवरून उतरला आणि त्या जागी बरेच दिवस फिकट चौकोन राहिला. त्याच वर्षी मराठीला नव्या बाई आल्या, पुण्याकडच्या. त्या रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात एक अवघड शब्द लिहायच्या आणि त्याचं वाक्य करून आणायला सांगायच्या.

कमलला वाक्यांचा कंटाळा आला. ती म्हणाली, "वाक्य कायले व? चार ओळी लिहू. गान्यासारख्या. अन् शब्द बाईचा नाई घ्यायचा. तू मले दे, मी तुले देतो."

नियम तिनंच केले. शब्द असा हवा, की दुसरीनं कधी ऐकलेला नसेल. अर्थ फार तर एकदा विचारायचा. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत चार ओळी झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर मधल्या सुट्टीतली बोरं दुसरीची.

तिच्याकडे वावरातले शब्द होते. फरदड, म्हणजे वेचून झालेल्या कपाशीला पाणी मिळून पुन्हा आलेलं पीक. शितादही, म्हणजे पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात वाहायचा दहीभात. उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी संपून वावर मोकळं होतं तो दिवस. ती हे शब्द सांगायची तेव्हा तिच्या तोंडाला मातीचा वास आहे असं मला वाटायचं. माझ्याकडे घरातली उर्दू होती. अब्बा इंजिनं दुरुस्त करायचे, पण रात्रीच्या जेवणानंतर अम्मीला मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यातले शब्द मी कान देऊन उचलायची. शफक. तिश्नगी. फुर्कत. अर्थ मलाही धड ठाऊक नसायचा. मग रशीदभाईला विचारायची. रशीदभाई माझा थोरला भाऊ, अब्बांच्या हाताखाली काम करणारा. तो स्पॅनर पुसत पुसत सांगायचा, "शफक? अरे, वो शाम को आसमान लाल होता ना, वो."

एकदा मी कमलला ‘सराब’ दिला. अर्थ विचारायला तिचा अभिमान आडवा आला. दुसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं, ‘सराब पिऊन मामा आले, खांबाले बैल समजून बोलले.’ मी इतकी हसले की बाईंनी मला उभं केलं. घरी जाताना मी तिला सांगितलं, सराब म्हणजे दारू नव्हे. उन्हाळ्यात रस्त्यावर लांब पाणी दिसतं आणि जवळ गेलं की नसतं, ते. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशीच्या कागदावर होतं:

दुपारी दिसलं पाणी,
हंडा घेऊन धावली;
पाणी पुढे, हंडा मागे,
तहान तेवढी घावली.

मी बारा वर्षांची असेन. पण ते वाचताना आपल्यापेक्षा ही फार पुढे आहे, हे मला त्या क्षणी समजलं. आणि थोडं दुखलंही.

सातवी झाली आणि कमलची शाळा सुटली. पाटलांना वावर होतं, विहिरीवर इंजिन होतं, थोरला मुलगा भास्कर अमरावतीला कॉलेजात होता. पण मुलीला सातवी खूप झाली, असं तिच्या घरी ठरलं. माझ्या घरी अम्मीचंही तेच म्हणणं होतं. पण अब्बा म्हणाले, "पढने दो. इसके हाथ में स्पॅनर तो नहीं दे सकता मैं." अशी मी हायस्कुलात गेले आणि कमल कोठ्यात.

तेव्हा रतीब मी माझ्याकडे घेतला. आधी दूध आणायला रशीदभाई जायचा. मी म्हटलं, मी जाते. लोटीवर झाकायला एक पांढरं फडकं असायचं, त्याच्या कोपऱ्याला मी कागद बांधायची. कमलची आई, आमच्या काकू, माप घालायच्या. कमल फडकं हातात घ्यायची, "गवत लागलं व," म्हणत झटकायला पाठ वळवायची, आणि परत द्यायची तेव्हा कोपऱ्यात दुसरा कागद असायचा. कागद म्हणजे आमच्या वर्कशॉपातल्या फाडायच्या कॅलेंडरची पानं. एका तेलवाल्यानं दर दिवाळीला दिलेलं ते जाडजूड कॅलेंडर. रोजची तारीख मी सकाळी फाडायची, मागची बाजू कोरी असायची. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला चार ओळी आणि खाली उद्याचा शब्द. बहुतेक पानांवर कोणाच्या तरी अंगठ्याचं काळं तेल लागलेलं असायचं. कमलला मी दर महिन्याला जुन्या कॅलेंडरांतल्या पाठकोऱ्या पानांची चळत फडक्यात गुंडाळून द्यायची.

अशी चार वर्षं गेली. पावसाळ्यात फडकं ओलं व्हायचं आणि शाई फुटायची. हिवाळ्यात जिनिंगचा भोंगा व्हायच्या आधी मी निघायची. रस्त्यावर कापसाच्या बंड्या लागलेल्या असायच्या, बैलांच्या तोंडातून वाफा यायच्या, आणि रुईचे बारीक तंतू हवेत तरंगून माझ्या ओढणीला चिकटायचे. आमचं बोलणं जवळपास होतच नसे. काकू तिथेच असायच्या. पण कमलनं काल काय खाल्लं, कोण रागावलं, कुठे जीव रमला नाही, हे मला त्या चार ओळींतून कळायचं.

चौथ्या वर्षी तिच्या ओळी बदलल्या. पूर्वी त्यांत बैल, पाखरं, आंबट चिंचा असायच्या. आता दार, कडी, उंबरा यायला लागले. मी ‘शबनम’ दिला, तरी तिनं दवाचं पाणी दाराच्या कडीवर आणून ठेवलं. एका पानावर ओळी नव्हत्याच. फक्त लिहिलं होतं, ‘मुकुटबनाकडचे पाव्हने येऊन गेले. तुले ट्रेनिंगचा कागद आला का?’

मला कागद आला होता. मॅट्रिकनंतर यवतमाळला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जायचं होतं, आणि अम्मी अजून मनातून तयार नव्हती. रोज तिचा एक नवा नकार निघायचा आणि रोज अब्बा तो समजावून घालवायचे. सातवी झालेल्या मुलींनाही तेव्हा ट्रेनिंगला घेत. कमलच्या मनात होतं, की मी पुढे गेले तर ती वडिलांना म्हणेल, मैत्रीण आहे सोबतीला, मलाही पाठवा. हे तिनं कधी म्हटलं नाही. तिनं मला शब्द दिला, ‘धुरा’. दोन वावरांच्या मधली नांगर न लागलेली गवताची पट्टी. मी रात्री बसून लिहिलं आणि सकाळी फडक्याला बांधलं:

दोन वावरं, मधे धुरा,
गवत त्यावर कमरभर;
तू पल्याड, मी अल्याड,
वाट पाहतो, ये लवकर.

‘पाहतो’. आमच्याकडे बायाही तसंच बोलतात. मी जातो, मी येतो, मी करतो. बाईंनी वर्गात कितीदा लाल शाईनं दुरुस्त केलं होतं, ‘मुलींनी पाहते लिहावे’. परीक्षेच्या वहीत मी ‘पाहते’ लिहायची. कमलला लिहिताना मला ते परकं वाटायचं. तिच्याशी मी गावच्या बोलीतच बोलायची.

तो कागद भास्करला सापडला. सुट्टीत घरी आला होता. कमलच्या उशीखालून की पेटीतून, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन परत आले होते. काकूंनी दूध घातलं, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि कमल दिसली नव्हती. तासाभरानं पाटील, भास्कर आणि त्यांचा एक चुलता असे तिघं आमच्या वर्कशॉपात आले. वर्कशॉप आणि घर यांच्यामध्ये फक्त एक तरटाचा पडदा होता. मी पडद्याआड चुलीपाशी होते.

पाटील ओरडले नाहीत. त्यांनी अब्बांना सलाम केला आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमचा पोरगा आमच्या विहिरीवर इंजिन पाहाले आलता. चार दिवस जेवला आमच्या घरी. हे पाहा त्यानं काय केलं."

भास्करनं कागद पुढे केला. "हे पान तुमच्याच कॅलेंडरचं आहे. हे तेलाचं बोट बघा. आणि खाली लिहिलंय, वाट पाहतो. पाहतो! बाई असती तर पाहते लिहिलं असतं. ही पुरुषाची चिठ्ठी आहे."

तो कॉलेजात शिकत होता. पुस्तकातली भाषा त्याला नीट येत होती. त्याच्या स्वतःच्या घरात त्याची आई, बहीण, सगळ्या ‘पाहतो’ म्हणत होत्या. पण कागदावर आल्यावर त्याला ते आठवलं नाही.

अब्बांनी रशीदभाईला हाक मारली. तो इंजिनाखालून निघून उभा राहिला. त्यानं हात पुसले नव्हते.

"तूने लिखा ये?"

"नहीं अब्बा."

"देख तो सही."

त्यानं कागद हातात घेतला. पडद्याच्या फटीतून मला त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. माझं अक्षर त्यानं वळवून घेतलं होतं. पाटीवर माझा हात धरून ‘ध’ची गाठ कशी मारायची ते त्यानंच मला शिकवलं होतं. त्यानं पहिली ओळ वाचली आणि तो थांबला. मग त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही, हे मला अजून दिसतं. मुद्दाम पाहिलं नाही.

मला फक्त पडदा बाजूला करायचा होता. ‘मी लिहिलं’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. शेजारी अम्मी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं. पण ते बहाण्यापुरतं सांगते आहे. तिची पकड सैल होती. माझ्या मनात तेव्हा कमल नव्हती, भाऊ नव्हता. यवतमाळचा कागद होता. पाटलाच्या मुलीला घराबाहेर बोलावणारी चिठ्ठी मी लिहिली, असं कळलं तर मला कोण कुठे पाठवणार, हे होतं.

"हां," रशीदभाई म्हणाला. "मीच लिहिलं."

अब्बांनी त्याला पाटलांसमोर मारलं. त्याच्या आधी कधी मारलेलं मी पाहिलं नव्हतं. पाटीलच मध्ये पडले, म्हणाले, "बस करा मिस्त्री. त्याले गावातून धाडून द्या. आमाले बोभाटा नाई पाह्यजे."

दुपारच्या बसनं तो बल्लारशाला मामाकडे गेला. जाताना अम्मीनं दशम्या बांधून दिल्या. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा तो हळूच म्हणाला, "चुप रह. तू पढ. मेरा क्या, इंजिन तो हर गाँव में हैं." मी रडले, पण गप्प राहिले. मला वाटलं, यानं सगळं सावरून घेतलं. माझंही आणि कमलचंही.

रतीब बंद झाला. घरात काळा चहा सुरू झाला. सकाळी जाग आली की हात फडक्याकडे जायचा. कॅलेंडरची पानं अब्बांनी चुलीत घातली. पुढच्या महिन्यात कमलचं मुकुटबनला लग्न झालं. वरात आमच्या गल्लीवरून गेली नाही. वाजंत्री लांबून, बाजाराच्या बाजूनं ऐकू आली आणि मग वाऱ्यानं दुसरीकडे गेली. जूनमध्ये मी ट्रंक घेऊन यवतमाळला गेले. तिथे पहिल्या आठवड्यात एका मुलीनं माझ्या वहीत डोकावून विचारलं, तू कविता करतेस का? मी म्हटलं, नाही. ते खोटं नव्हतं. त्यानंतर मला चार ओळी कधी जुळल्याच नाहीत.

कमलला मी पुन्हा पाहिलं ते सहा-सात वर्षांनी. मी मास्तरीण झाले होते. परीक्षेच्या कामासाठी मला मुकुटबनला जावं लागलं. काम संपल्यावर बसला अजून तासभर होता. एका पोरीला घर विचारलं.

कमल अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. मग म्हणाली, "ये व. बस." खाट टाकली, चहा केला, त्यात आलं घातलं. दोन पोरं येऊन माझ्या पिशवीकडे पाहून गेली. तिचा नवरा आला, अदबीनं राम राम करून बैलांना पाणी पाजायला निघून गेला. भला माणूस दिसला. घरात सगळं जागच्या जागी होतं.

मी विचारलं, "लिहितेस का काही?"

"कोनाले?" ती म्हणाली.

मग मला थांबवेना. मी म्हटलं, "कमल, तो कागद..."

"तुहा होता. मी सांगतलं न घरी." ती सूप पुन्हा हातात घेऊन पाखडायला लागली. "मी पह्यल्या दिवशीच सांगतलं, हे माह्या मैतरनीचं अक्षर आहे. तुही सातवीची वही होती माह्यापाशी. बाबाले दाखोली. बाबानं दोन्ही कागद जवळ ठेवले. म्हने, अक्षर तं एकच दिसते. तं भास्करदादा म्हने, पोट्ट्यानं सोता कबूल केलं, अन् हे अजून खोटं बोलून राह्यली, त्याले वाचवून राह्यली. झालं. मंग मी जे म्हनलं ते सारं खोटं झालं."

सूप वर-खाली होत होतं. फोल उडून माझ्या पायाशी पडत होतं.

"बाबा दोन दिवस थांबले," ती म्हणाली. "पाव्हन्याइले होकार नाई धाडला. मले म्हने, तुही मैतरीन येऊन एकडाव म्हनते का पाहू. तिनं म्हनलं तं मी मानतो. मी दोन दिवस कोठ्यात उभी राह्यली, सकाळी अन् संध्याकाळी. मले वाटे, दुधाले नाई तं अशीच येशीन."

"मला कोणी सांगितलंच नाही," मी म्हटलं. "निरोप पाठवायचा."

"आईच्या हातून धाडता आला असता. नाई धाडला." ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून बोलली. "तुले मास्तरीन व्हायचं होतं, मले माहीत होतं. निरोप धाडला असता तं तुले यावंच लागलं असतं. मले पाह्यजे होतं का तू आपल्या मनानं यावं."

लांबून बसचा हॉर्न आला. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हो," कमल म्हणाली. "चुकलं."

तिनं मला दूषण दिलं नाही, की जाऊ दे असंही म्हटलं नाही. मी उठले तेव्हा ती उठली, पोराला म्हणाली, मावशीले बसपर्यंत पोचवून ये. स्वतः अंगणाच्या फाटकापर्यंतही आली नाही.

रशीदभाई बल्लारशालाच राहिला. तिकडेच त्याचं लग्न झालं, तिकडेच त्याचं वर्कशॉप झालं. नेरला तो फक्त अब्बांच्या मय्यतीला आला आणि त्याच संध्याकाळी परत गेला. दर ईदेला मी त्याच्याकडे जायची. शीरखुर्मा खाऊन झाला, पोरं बाहेर पळाली, की तो एकदा तरी विचारायचा, "कमल कैसी है?" मी म्हणायची, मजेत आहे, दोन मुलं आहेत, नवरा चांगला आहे. तो मान हलवायचा. एकदा म्हणाला, "अच्छा हुआ. मैं उस दिन ना कहता, तो तुम दोनों का नुकसान होता."

मी काय सांगणार होते त्याला? की त्याच्या एका होकारानं कमलचं खरं खोटं ठरलं? की दोन दिवस दार उघडं होतं आणि तिथे कोणीही गेलं नाही? मी त्याच्या वाटीत आणखी शीरखुर्मा वाढला.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. आपण दोघींना वाचवलं, असं समजून गेला. पहिल्यांदा मी गप्प बसले ते स्वतःसाठी होतं, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांदा, त्याच्यासमोर, कोणासाठी गप्प बसले, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.